दारूच्या सवयीचा जमाखर्च

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात, अनसिंग येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलायला सांगितले तेव्हा विषय ‘बचतीचे महत्त्व’ असा दिला होता. मी आयुष्यभर अडत दुकानात मुनीम होतो, तेव्हा माणूस पैशांविषयी काहीतरी बोलेल असा त्यांचा हिशेब. मी म्हणालो, बचतीवर बोलतो, पण माझ्या घरातली बचत ज्या भोकातून गळाली त्या भोकाविषयी बोलू द्याल का? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हो म्हणाले. त्यांचे आभार. माझे नाव मात्र छापू नये अशी मी विनंती केली आहे. अनसिंगात मला कोण ओळखत नाही? पण स्मरणिका पाहुण्यारावळ्यांकडे जाते, मुलींच्या सासरी जाते, म्हणून.

मराठीत बोलतो याबद्दल वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. घरी आपली बोली वेगळी असली तरी रोजकीर्द मी चाळीस वर्षे मराठीतच लिहिली, आणि आजची गोष्ट हिशेबाची आहे.

मी सोळा-सतरा वर्षे दारू पीत होतो. या सभागृहात हे वाक्य उच्चारायला मला किती वर्षे लागली ते माझे मला ठाऊक. आपल्या समाजात दारू हराम आहे, म्हणून आपल्यात दारुडे नाहीत असे आपण पाहुण्यांना सांगतो. मग वाशीम-पुसद रस्त्याने रात्री येणाऱ्या मोटारसायकली कोणाच्या असतात? जी गोष्ट नाहीच असे ठरले, तिच्यावर इलाजही नाही. दुसऱ्या समाजातला माणूस पितो तेव्हा त्याची बायको शेजारणीजवळ रडते तरी. आपल्या घरात ती दार लावून घेते. मी हा दोष धर्माला देत नाही; हुकूम बरोबरच आहे. दोष लपवण्याचा आहे, आणि त्यात पहिला गुन्हेगार मी.

सुरुवात कशी झाली त्यात सांगण्यासारखे काही नाही. हंगामात अडतीवर रात्री उशीर होतो. कापूस असो की पुढे आलेला सोयाबीन, काटा संपला की व्यापारी बसतात, मुनिमालाही बसवतात. पहिल्या वर्षी हंगामापुरती, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. असो.

जेथे थांबायला हवे ती गोष्ट २००४ सालची आहे. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरच्या मध्याला लागला, ऐन सोयाबीनच्या आवकेत. दरवर्षी रमजानचा महिना मी दारूला शिवत नसे आणि त्याचा मला अभिमान होता. महिनाभर सोडू शकतो म्हणजे दारू माझ्या ताब्यात आहे, असा माझा युक्तिवाद. हा युक्तिवाद येथे बसलेल्या आणखी काही जणांचाही असेल. पहिल्या रोजाला हात कापले. दुसऱ्या रात्री झोप नाही, घामाने कपडे भिजले. तिसऱ्या दिवशी दुपारी काट्याजवळ उभा असताना मी खाली पडलो आणि अंगाला झटके आले. कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी चप्पल. एक जण म्हणाला, रोजा झेपला नाही. दुसरा म्हणाला, साया आहे. हमालांनी उचलून जीपमध्ये घातले आणि वाशीमला नेले.

डॉक्टरांनी भावांच्या देखत विचारले, दारू घेता का? मी म्हणालो, तौबा, तौबा! त्यांनी भावांना औषधे आणायला बाहेर पाठवले, दार लोटले आणि पुन्हा विचारले, रोज किती? तेव्हा मी म्हणालो, थोडी.

त्या डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक पालकाने ऐकून ठेवावे, कारण यावर जीव अवलंबून असतो. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू उलट जोर लावून चालत असतो. दारू एकाएकी बंद झाली की दाब निघून जातो आणि जोर मात्र राहतो. मग सहा तासांपासून एक दिवसाच्या आत हात कापणे, घाम, उलट्या, धडधड सुरू होते; दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात; आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. म्हणजे रमजानच्या पहिल्या तीन दिवसांत एखादा धडधाकट माणूस पडला तर दोष रोजाला देऊ नका, साया उतरवणाऱ्याकडेही नेऊ नका. दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला खरे सांगा. ज्याचे हात सकाळी कापतात आणि दोन घोट घेतल्यावर थांबतात, त्याने स्वतःच्या मनाने दारू एकदम बंद करू नये. आठवडाभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेऊन ती सुखरूप बंद होते. सोबत ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते उरलेले नसते आणि त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

मी बरा होऊन घरी आलो. गावाने ‘रोजात अशक्तपणा आला’ हेच धरून ठेवले आणि मीही ते धरू दिले. ईदच्या संध्याकाळी पुन्हा प्यायलो. डिसेंबरपर्यंत सगळे पूर्ववत झाले.

जानेवारी २००५ मध्ये मी आपणहून त्या डॉक्टरांकडे गेलो. नोकरीच्या भीतीने गेलो, पश्चात्तापाने नव्हे; हेही खरे सांगितले पाहिजे. शेठजींनी जुनी रोजकीर्द काढून माझ्यापुढे ठेवली होती. सकाळच्या नोंदींचे अक्षर वाकडेतिकडे, आकडे ओळीबाहेर. अकरानंतरच्या नोंदी मोत्यांसारख्या. शेठजी काही बोलले नाहीत. अकरा वाजता मी मागच्या गोदामात जाऊन काय करत असे ते त्या पानावर शाईने लिहिलेले होते.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही मुनीम आहात ना? मग पंधरा दिवस नुसते लिहा. बंद करू नका, कमी करू नका, लिहा. किती वाजता, किती, कोणाबरोबर, आणि त्याआधी काय घडले.

मुलीच्या शाळेची एक अर्धी कोरी वही होती, ती घेतली. पंधराव्या दिवशी बेरीज केली : चौदा दिवसांत एकवीस पव्वे. वही गादीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेण्यासाठी काढली, तर एकवीसच्या खाली पेन्सिलने बारीक अक्षरात तेवीस लिहिलेले. मुलगी तेव्हा दहावीला होती. मी पुन्हा बेरीज केली. तेवीसच होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझी बेरीज कोणी चुकीची काढली नव्हती. ती मुलगी आज शिक्षिका आहे आणि तिच्या परवानगीने मी हे सांगत आहे. त्या वेळी तिने मला एक शब्द विचारला नाही, मीही विचारला नाही.

आता तेवीस पव्वे म्हणजे काय ते पाहा. पव्वा १८० मिलिलिटरचा. म्हणजे चार लिटरहून अधिक. व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. वैद्यकशास्त्र दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्काला एक माप धरते. तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये एक माप, पव्व्यात सहा मापे. बिअरला लोक सरबत समजतात, पण आठ टक्क्यांच्या कडक बिअरच्या एका मोठ्या बाटलीत चार मापे असतात. यकृत साधारण तासाला एक माप निकाली काढते. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांनी त्याचा वेग वाढत नाही. रात्री नऊला दोन पव्वे संपवणाऱ्याच्या रक्तात सकाळी आठलाही दारू असते आणि तो त्याच रक्ताने मुलाला मोटारसायकलवर शाळेत सोडतो. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क असला की वाहन चालवणे गुन्हा आहे. मी अशा कित्येक सकाळी मुलांना सोडले. काही झाले नाही, ही अल्लाची मेहरबानी. माझी हुशारी नव्हे.

त्यानंतर कमी करण्याचे काम सुरू झाले. शपथा मी आधी पुष्कळ घेतल्या होत्या. सात तर मोजून. शपथ मोडली की लाज वाटे आणि लाजेवर उतारा पुन्हा तोच. म्हणून या वेळी शपथ नाही, फक्त आकडा. डॉक्टर दर पंधरवड्याला वही पाहून पुढचा आकडा ठरवत : तेवीसचे अठरा, अठराचे चौदा. वहीतून एक गोष्ट ध्यानात आली. मी समजत होतो की मी दुःखाने पितो. वही म्हणत होती की मी संध्याकाळी साडेसहाला पितो. भूक लागलेली असते, काम संपलेले असते, रस्ता दुकानावरूनच जातो. मग मुलांच्या अम्मीने अडतीवर पाचला भाकरी आणि दाळ पाठवायला सुरुवात केली. पोट भरले की त्या वेळेची धार निम्मी होते. ही गोष्ट इतकी साधी आहे की सांगायला संकोच वाटतो. मी घरी जाण्याचा रस्ता बदलला. खिशात पैसे ठेवणे बंद केले, पगार शेठजींकडून परस्पर घरी जाऊ लागला. घरात साठा ठेवला नाही. आठवड्याचे दोन दिवस कोरे ठरवले. आणि एका माणसाला सांगितले. एकालाच, सगळ्यांना नव्हे. तो हमाल होता, स्वतः पूर्वी प्यायचा. १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची सुरुवात झाली तीही अशीच, एक शेअरबाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलण्यातून. मला ते तेव्हा ठाऊक नव्हते. हमालाला तर नव्हतेच.

मे महिन्यापर्यंत आकडा नऊवर यायचा होता, पण मध्ये लग्नसराई आली आणि सोळावर गेला. आपल्याकडे निकाहात दारू नसते, बरोबर. पण मांडवामागे, ट्रॅक्टरच्या आड काय असते ते मुलांनाही माहीत आहे. याच वऱ्हाडात गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण घातले आणि भाऊबंदांचा राग ओढवून घेतला. त्यांच्या घरी तो रिवाज उघड होता म्हणून उघड मोडता आला. आपला रिवाज आडोशाचा आहे, तो मोडायचा तर आधी आडोसा काढावा लागतो.

जूनमध्ये नऊ झाले आणि पुढे सहा महिने ते नऊच राहिले. त्या नऊचा मला गर्व वाटू लागला. कमी करण्याची ही जागा फसवी आहे. तेव्हा मी मशिदीतल्या मौलानांकडे गेलो आणि त्यांना सगळे सांगून वर माझा मुद्दा मांडला : दारूबंदीचा हुकूमसुद्धा एका दिवसात आला नाही. आधी सांगितले गेले की तिच्यात फायद्याहून गुनाह मोठा, मग नशेत नमाजाजवळ जाऊ नका, आणि शेवटी पूर्ण मनाई. पाच वेळची नमाज पढणाऱ्याला प्यायला वेळच किती उरतो? म्हणजे तेथेही पायऱ्या होत्या. मी माझ्या पायरीवर आहे. मौलाना हसले. म्हणाले, त्या पायऱ्या हुकुमाच्या होत्या. हुकूम पुरा होऊन चौदाशे वर्षे झाली. शेवटचा हुकूम आला तेव्हा मदिन्याच्या गल्ल्यांतून दारू वाहिली अशी रिवायत आहे. कोणी म्हणाले नाही की माझे नऊ राहू द्या. पण तू तेवीसवरून नऊवर आलास म्हणून मी तुला दारातून परत पाठवणार नाही. उद्या फजरला ये.

मी आलिम नाही, त्यावर भाष्य करत नाही. डॉक्टरांनी मात्र तेच दुसऱ्या शब्दांत सांगितले. ज्याला अजून लत लागलेली नाही, जो शनिवारी मित्रांत बसतो, त्याला कमी करत करत शून्यावर येणे जमते. ज्याचे शरीर दारूवर चालायला लागले आहे, त्याला आकडा धरून ठेवता येत नाही. लग्न, मयत, हंगाम आला की तो उडतो. मग कमी करण्याचा उपयोग काय? माझ्यापुरता उपयोग एवढा झाला की वर्षभराच्या वहीने मला दाखवून दिले की मी दुसऱ्या प्रकारचा आहे. कोणी तोंडाने सांगितले असते तर मी मानले नसते. जानेवारी २००६ मध्ये मी आठ दिवस दाखल होऊन पूर्ण बंद केली. २००९ साली भावाच्या मयतीनंतर तीन दिवस प्यायलो. त्यानंतर नाही.

मर्यादेत प्यायले तर चालते असे सांगणारे सुशिक्षितही भेटतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की आरोग्याला निर्धोक ठरेल असे दारूचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. कर्करोग करणाऱ्या पदार्थांत तिची गणना तर १९८८ पासूनच आहे. पैसे वाचवण्यासाठी सरकारी दुकान सोडून हातभट्टीकडे वळणाऱ्यांनी २०१५ सालचे मालवणी आठवावे. मुंबईच्या त्या वस्तीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

दारूबंदीविषयी मला नेहमी विचारतात. वर्धा जिल्ह्यात ती १९७४ पासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीने ज्यांनी अजून चव घेतली नाही ती पोरे वाचतात, आणि दुकान दूर गेले की बाईच्या हातात चार पैसे राहतात. गावच्या स्त्रियांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडण्याची तरतूदही आपल्या राज्यात आहे आणि ती पुष्कळ गावांनी वापरली. पण माझ्या सकाळच्या कापणाऱ्या हातांवर बंदीने इलाज झाला नसता. त्याला दवाखानाच लागतो. पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा व्यसन हा आजार आहे हे मराठी माणसाने प्रथमच मोठ्या प्रमाणावर ऐकले. २०१९ सालच्या सरकारी पाहणीत देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे असे आढळले. त्या आकड्यात आपण नाही असे समजू नका.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडेसे. राज्याच्या कायद्याने बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षे वय लागते, तेव्हा त्याविषयी अधिक बोलत नाही. ज्यांच्या अब्बांना ही सवय आहे त्यांच्याशी मला बोलायचे आहे. ती तुमच्यामुळे लागलेली नाही, तुमच्या मार्कांमुळे नाही, फीमुळे नाही. बाटली ओतून देऊ नका. त्याने भांडण होते, आणि ज्याला लत आहे त्याला एकाएकी न मिळाल्याने धोकाही होतो हे आता तुम्हाला कळले. रात्री बोलू नका, सकाळी बोला, आणि एकच वाक्य बोला. ते प्यायलेले असताना त्यांच्या गाडीवर बसू नका. राग आला तरी चालेल, पायी या. घरात मारहाण होत असेल तर चाचांकडे, नानींकडे, शेजारी जा आणि गुरुजींना सांगा. यात घराची इज्जत जात नाही. माझ्या मुलीने आकडा लिहिला, ओरडली नाही. पण प्रत्येक मुलाने असेच करावे असे मी म्हणणार नाही. तिला ते एकटीने करावे लागले, यात मला आनंद नाही.

भगिनींना एक विनंती. मौलाना, डॉक्टर, शेठजी यांची नावे मी घेतली, पण वर्षभर पाचची भाकरी ज्यांनी पाठवली त्यांनी ती पाठवताना मला कधी माफ केले होते असे समजू नका. अजूनही काही गोष्टींचे त्या नाव काढू देत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. नवरा प्यायचे सोडतो त्या दिवशी घर आपोआप सावरते असे सिनेमात होते.

मदत हवी असेल तर दोन सरकारी दूरध्वनी क्रमांक लिहून घ्या, दोन्ही विनाशुल्क. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६. नाव सांगावे लागत नाही. जिल्हा रुग्णालयातही उपचार होतात. तेथे जाताना नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवा, म्हणजे खरा आकडा सांगता येईल.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. पहिल्या पानावर मुलीचा भूगोल आहे, मधल्या पानांपासून माझा हिशेब. अध्यक्षांच्या भाषणानंतर मी वाचनालयाच्या खोलीत बसणार आहे. ज्याला पाहायची असेल त्याने यावे. खोलीला मागच्या बाजूनेही दार आहे.